टीव्हीवर दिसत होतं, साठत नव्हतं : विश्रामबागच्या एका डीव्हीआरचं वॉरंटी प्रकरण

३ जून २०२५, मंगळवार. सकाळी साडेआठला काकूंचा फोन आला. "अरे, टीव्हीवर सगळे कॅमेरे दिसतायत. पण रविवारी रात्रीचं बघायला गेले तर काहीच नाही. त्याच्या आधीचंही नाही. तू येऊन जा बाबा."

रविवारी रात्री त्यांच्याकडे राहणाऱ्या एका मुलीची सायकल पार्किंगमधून गेली होती. काकू सांगलीत विश्रामबागला राहतात, वालचंद कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. काका गेल्यापासून घराच्या वरच्या दोन मजल्यांवर मुलींना खोल्या देतात. त्या वेळी अकरा मुली होत्या. काकूंचं घर त्या भाड्यावर चालतं, आणि मुलींचे आईवडील खोली बघायला आले की पाण्याच्या आधी कॅमेऱ्याचं विचारतात.

मी सांगली-मिरजेत चौदा वर्षं कॅमेरे बसवतो आणि दुरुस्त करतो. हा सेट मात्र मी बसवलेला नव्हता. शहरातल्या एका दुकानातून काकूंनी १४ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या पाडव्याला घेतला होता. आठ चॅनेलचा डीव्हीआर (आठ कॅमेरे जोडता येणारं, त्यांचं चित्रण हार्डडिस्कवर साठवणारं मशीन), दोन मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे, २ टीबी हार्डडिस्क, फिटिंगसकट ३४,५०० रुपये. हे प्रकरण तपशिलात लिहितोय, कारण डीव्हीआर बंद पडला की माणसं घाईने एक तर नवी हार्डडिस्क घेतात, नाही तर नवा डीव्हीआर. हक्काची वॉरंटी तशीच कागदात पडून राहते. असं मी फार वेळा पाहिलंय.

बिघाड नेमका कुठे

डीव्हीआर टीव्हीखालच्या लाकडी कपाटात होता, दार बंद, आणि वर क्रोशाचा रुमाल. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. हात लावला तर चटका बसावा इतका तापलेला. रुमाल काढला आणि मेनूत गेलो. हार्डडिस्कच्या पानावर एकही डिस्क दिसत नव्हती.

इथेच बहुतेक लोक फसतात. कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर यायला हार्डडिस्क लागत नाही. डिस्क बंद पडली तरी आठही चौकोन हलते-बोलते दिसत राहतात आणि घरातल्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. डिस्क सापडली नाही की डीव्हीआरने बीप-बीप करून ओरडायचं असतं. तो बझर मेनूत बंद केलेला होता. बसवल्यावर आठवड्याभरात एकदा वाजला होता, मुलींची परीक्षा होती, फिटरने फोनवरून सांगितलं आणि कुणीतरी तो बंद केला. पुढे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आता तपासणी. ॲडॉप्टरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, २ अँपिअर. मोकळा मोजला तर मल्टिमीटरवर १२.२ आले. डीव्हीआरला जोडून डिस्क फिरायला लागताना मोजला तर आकडा घसरून १०.१. मोठ्या आकाराची हार्डडिस्क सुरू होताना एकदम दीड-दोन अँपिअर ओढते. थकलेला ॲडॉप्टर तेवढं देऊ शकत नाही. म्हणून ॲडॉप्टर कधीही नुसता मोकळा मोजून 'बरा आहे' म्हणू नये. माझ्या बॅगेतला चांगला ॲडॉप्टर लावला. डिस्क लगेच दिसली. काकूंना हायसं वाटलं, मलाही. वीस मिनिटांनी डीव्हीआर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

मग एकेक करून गेलो. डिस्कची डेटा केबल बदलली, तेच. काकूंची डिस्क काढून माझी चाचणीची डिस्क लावली, सतराव्या मिनिटाला पुन्हा तेच. डिस्कच काढून ठेवली तर डीव्हीआर तीन तास सुरळीत चालला. संध्याकाळी काकूंची डिस्क दुकानात नेऊन माझ्याकडच्या त्याच कंपनीच्या डीव्हीआरला लावली. रात्रभर चालली आणि २८ एप्रिलपासून २१ मेपर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग दिसलं. शेवटचं चित्र २१ मे रात्री ११ वाजून ४७ मिनिटांचं. म्हणजे डिस्क धडधाकट होती. ॲडॉप्टर गेलेला होता, आणि डीव्हीआरच्या बोर्डावरचा डिस्कला वीज पुरवणारा भाग बिघडलेला होता.

या सगळ्यात डिस्क संगणकाला लावली नाही. डीव्हीआर आपल्या पद्धतीने डिस्क लिहितो, संगणकाला ती कळत नाही आणि तो 'फॉरमॅट करू का' म्हणून विचारतो. घाईत 'हो' दाबून मागचं रेकॉर्डिंग घालवलेली दोन घरं मला माहीत आहेत.

दुकानदाराला काकूंनी आधीच फोन केला होता. त्याचं उत्तर असं : "हार्डडिस्क गेली असणार. वॉरंटी संपली आता. नवीन टाकून देतो, सहा हजार होतील." न बघता. त्याचं ऐकलं असतं तर चांगली डिस्क काढून नवी डिस्क त्याच आजारी डीव्हीआरमध्ये गेली असती.

एका सेटमध्ये तीन वॉरंट्या

बिलावर एकच ओळ असली तरी सेटमध्ये वेगवेगळ्या वॉरंट्या असतात. काकूंच्या बाबतीत डीव्हीआरला कंपनीची दोन वर्षांची होती, म्हणजे १३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. ॲडॉप्टरला एक वर्षाची, ती गेली होती. हार्डडिस्क दुसऱ्याच कंपनीची. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या चांगल्या डिस्कना सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती डिस्कवरच्या सिरीयल नंबरावरून डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तपासता येते. काकूंच्या डिस्कची शिल्लक होती. डिस्क गेली असती तरी सहा हजार द्यायचं कारण नव्हतं.

ॲडॉप्टरचे ३५० रुपये खिशातून गेले. ते रास्तच होते.

खरी अडचण कागदाची निघाली. डीव्हीआरच्या बुडावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला सांगितला तर उत्तर आलं : वॉरंटी २७ एप्रिल २०२५ ला संपली. काकू एकदम गप्प झाल्या. कारण विचारल्यावर कळलं की कंपनीच्या नोंदीत त्यांनी माल वितरकाला पाठवला तो दिवस होता, २८ एप्रिल २०२३. त्यानंतर साडेसहा महिने तो डीव्हीआर खोक्यातच पडून होता. ग्राहकाला विकल्याची तारीख सिद्ध झाली तर वॉरंटी त्या दिवसापासून धरतात, पण त्यासाठी सिरीयल नंबर लिहिलेलं बिल लागतं.

काकूंचं बिल पक्कं होतं, जीएसटी नंबरासकट. त्यावर लिहिलं होतं, "सीसीटीव्ही ८ कॅमेरा सेट, फिटिंगसह". नंबर नाही, मॉडेल नाही. खोक्यातलं वॉरंटी कार्ड कोरं, शिक्का नसलेलं. असं बिल म्हणजे पैसे दिल्याची पावती झाली, कोणत्या वस्तूचे दिले ते त्यात येत नाही. आमच्या धंद्यात ही फार वाईट सवय आहे. घाई असते, नंबर लिहायला दोन मिनिटं लागतात, ती कुणी देत नाही. त्याचा भुर्दंड दीड वर्षाने गिऱ्हाइकाला बसतो.

वाट काढली ती एका मुलीने. तिने काकूंचा फोन घेतला आणि फोटोंमध्ये १४ नोव्हेंबर २०२३ असं शोधलं. पाडव्याच्या सकाळी काकूंनी नव्या मशीनची पूजा केली होती. फोटोत पाटावर डीव्हीआर, त्याच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, शेजारी उभं केलेलं खोकं. खोक्यावरचा स्टिकर मोठा करून पाहिला. कुंकवाचं एक बोट पहिल्या अक्षरावर उमटलं होतं, बाकी सगळे अंक स्वच्छ, आणि मशीनच्या बुडाखालच्या नंबराशी जुळणारे. फोनमध्ये तारीख-वेळ होतीच.

५ जूनला तो फोटो आणि बिल घेऊन मी काकूंबरोबर दुकानात गेलो. दुकानदार आधी म्हणाला, "आम्ही नंबर लिहीत नाही हो, कुणीच लिहीत नाही." मी भांडलो नाही. त्याला एवढंच म्हटलं की तुमच्या खरेदी-बिलात हा नंबर असणार, तेवढा बघा. अर्ध्या तासाने सापडला. त्याने लेटरहेडवर लिहून दिलं की अमुक मॉडेल, अमुक सिरीयल नंबरचा डीव्हीआर अमुक बिलाने १४ नोव्हेंबर २०२३ रोजी विकला. शिक्का, सही. कंपनीने तो कागद ईमेलवर मागून घेतला आणि दोन दिवसांत वॉरंटीची तारीख दुरुस्त केली. दुकानदार आडवं लावतो तसा मनात आणलं तर मोकळंही करतो. त्याच्या हातात त्याची खरेदी-बिलं असतात, आपल्या हातात फक्त मशीन.

कोणते रस्ते होते

काकूंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही सगळे पर्याय मांडले.

बोर्ड दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा कारागीर १,५०० रुपयांत करून देणार होता, दोन दिवसांत, एक महिन्याच्या बोलीवर. काम चांगलं करतो. पण डीव्हीआरवर वॉरंटीचं सील असताना बोर्डाला बाहेरचा हात लावला की कंपनीचा दरवाजा बंद. वॉरंटीचे पाच महिने शिल्लक असताना मी ते करू दिलं नाही. वॉरंटी संपलेली असती तर पहिला सल्ला हाच दिला असता.

नवा डीव्हीआर घ्यायचा तर ५,२०० रुपये. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर जुने कॅमेरे त्याच्यावर चालतील का ते आधी बघावं लागतं. कोएक्सियल वायरवरून येणारं चित्र टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी अशा वेगवेगळ्या पद्धतींचं असतं. आजचे बरेच डीव्हीआर तिन्ही घेतात, सगळे घेत नाहीत. शिवाय कॅमेरा जितक्या मेगापिक्सेलचा, तितकं पेलणारा डीव्हीआर हवा. चुकून कॅमेरे बदलायची वेळ आली तर खर्च फार वाढला असता, कारण ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने सुरक्षा तपासणी सक्तीची केल्यावर बाजारातली स्वस्त मॉडेलं बरीच कमी झाली होती. सगळं काढून नेटवर्क कॅमेरे आणि एनव्हीआर (त्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) बसवण्याचा विचार काकूंच्या भावाने सुचवला. त्या घराला तो नको होता, वायरिंग चांगलं होतं.

राहिला कंपनीचा रस्ता. पैसे शून्य, वेळ लागणार. तेवढ्या काळासाठी मी माझा एक जुना डीव्हीआर आणि माझी डिस्क लावून दिली. मुलींच्या घरात एक रात्रही रेकॉर्डिंगशिवाय जायला नको, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं.

कोल्हापूरची जॉबशीट

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. ९ जूनला सकाळच्या एसटीने अंकली, जयसिंगपूर करत गेलो. डिस्क आधीच काढून घरी ठेवली होती. डीव्हीआर जमा करताना डिस्क कधीही आत ठेवू नये. त्यातल्या रेकॉर्डिंगची जबाबदारी कंपनी घेत नाही, आणि अकरा मुलींच्या येण्याजाण्याचं चित्रण परक्या टेबलावर का जावं?

काउंटरवरच्या मुलाने जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा केल्याच्या कागदावर, लिहिलं, "डेड, तपासणे". मी ते बदलून घेतलं. तिथे उभं राहून डीव्हीआर चालू करून दाखवला आणि लिहायला लावलं : आठही चॅनेल चालू, हार्डडिस्क लावल्यावर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट, जळाल्याची किंवा पाण्याची खूण नाही, सील शाबूत, हार्डडिस्क व ॲडॉप्टरशिवाय जमा. चारही बाजूंचे फोटो काढले.

हा हट्ट कशासाठी? त्या वर्षी मे महिना सगळा पावसात गेला होता. वळीव, विजा, वर पाऊसही वेळेच्या आधी आलेला. अशा दिवसांत सर्व्हिस सेंटरला 'विजेने गेला' हे उत्तर तयार असतं, आणि वीज, पाणी, जादा व्होल्टेज हे कुठल्याही वॉरंटीत बसत नाही. ती अट चुकीची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर मी गणपती पेठेतून, हरभट रोडवरून चिखलाने भरलेले डीव्हीआर काढलेत. कोणत्या कंपनीने ते बदलून द्यावेत? पण वीज पडली की सहसा बाहेरच्या कॅमेऱ्याच्या वायरवरून येते, बीएनसीमागचं, म्हणजे कॅमेऱ्याची वायर जिथे जोडतात त्या तोंडामागचं, सर्किट जाळते आणि एकदोन चॅनेल तरी काळे पडतात. इथे आठही जिवंत होते. जॉबशीटवर तेवढं लिहिलेलं असलं की नंतर कुणाला वीज आणता येत नाही.

बदली आली, पण अर्धी

२० जूनला फोन आला, बदली डीव्हीआर तयार आहे. मी गेलो. खोकं साधं, मशीन दुरुस्त करून परत आणलेलं. त्याला माझी हरकत नव्हती. वॉरंटीत कंपनी दुरुस्त करेल किंवा दुरुस्त केलेला नग देईल, असं कार्डावर छापलेलंच असतं. पण मॉडेल नंबरातली दोन अक्षरं वेगळी होती. पेटीवर लिहिलं होतं '१०८० एन'.

हा 'एन' गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. पूर्ण १०८० पीचं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं. १०८० एनमध्ये उंची तीच, रुंदी निम्मी, साधारण ९६० ठिपके. दाखवताना ते ताणून मोठं करतात, म्हणून टीव्हीवर चटकन फरक कळत नाही. रेकॉर्डिंग थांबवून मोठं केलं की कळतो. मी तिथेच त्यांच्या टेबलावरच्या कॅमेऱ्यासमोर माझ्या दुचाकीचं आरसी कार्ड धरलं आणि दोन्ही प्रकारच्या डीव्हीआरवर रेकॉर्ड केलं. एकावर नंबर वाचता आला. दुसऱ्यावर ८ आणि ३ सारखेच दिसत होते. फाटकावरचा कॅमेरा ज्या कामासाठी लावला होता, तेच काम निम्मं झालं असतं.

"तेच मॉडेल आता येत नाही," काउंटरवरचा म्हणाला. मी नग घेतला नाही. 'कमी क्षमतेचा असल्याने स्वीकारला नाही' असं जॉबशीटवर लिहून सही केली.

दुकानदाराने फोनवर काकूंना घाबरवलं : "घ्या मिळतंय ते. तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्टात तुमचं चालणार नाही." काकूंना ते खरं वाटलं. ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं. पण स्वतः राबून, केवळ पोट भरण्यासाठी जो उद्योग करतो त्याने घेतलेली वस्तू मात्र वगळलेली नाही. आणि मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, परिचारिकांना राहण्यासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत ट्रस्टला ग्राहक मानलं, कारण त्या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध नव्हता. खोल्या देऊन पोट भरणाऱ्या बाईने रखवालीसाठी घेतलेले कॅमेरे, ही बाजू मांडण्यासारखी नक्कीच आहे, असं त्यांचं मत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, म्हणजे सांगलीतच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि दुकानदार व कंपनी दोघांनाही त्यात घेता येतं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. २३ जूनला काकूंच्या नावाने कंपनीला ईमेल लिहिला : जुन्या मॉडेलची क्षमता, देऊ केलेल्या मॉडेलची क्षमता, दोन्ही चाचण्यांची चित्रं, दुकानाचं पत्र, जॉबशीट. मागणी एकच, तेवढाच किंवा वरचा नग द्या, नाही तर डीव्हीआरची किंमत परत करा. पंधरा दिवसांची मुदत. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तो तिचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे पोचवते, आणि तिथे बसलेल्या माणसाला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपेक्षा जास्त अधिकार असतो.

१ जुलैला होकार आला. ४ जुलैला मी पूर्ण १०८० पीचा, नवं मॉडेल असलेला डीव्हीआर घेऊन आलो. जॉबशीटवर नवा सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घेतली : मूळ वॉरंटीची उरलेली मुदत किंवा ९० दिवस, जे जास्त असेल ते. म्हणजे १३ नोव्हेंबर २०२५. बदलून मिळालेल्या नगाला पुन्हा दोन वर्षं मिळतील अशी काकूंची समजूत होती, बऱ्याच जणांची असते. तसं होत नाही.

एकूण खर्च ३५० रुपये ॲडॉप्टरचे, आणि एसटीचं भाडं. दिवस बत्तीस.

नवा डीव्हीआर मी कपाटाच्या वर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवला. बझर चालू केला. काकूंची जुनी डिस्क लावली, रेकॉर्डिंग तसंच उघडलं. खालच्या पट्टीवर २१ मेच्या रात्रीपर्यंत निळी रेघ आणि पुढे ४ जुलैपर्यंत कोरी जागा. त्यातले सुरुवातीचे पंधरा दिवस कुठेच साठले नव्हते. सायकल सापडली नाही. त्या मुलीच्या वडिलांनी विट्याहून दुसरी पाठवून दिली.

काकूंनी जॉबशीट जुन्या बिलाला टाचली आणि बिलावर स्वतःच्या अक्षरात नवा नंबर लिहिला. आता दर सोमवारी, मुली कॉलेजला गेल्या की, त्या रिमोट घेऊन आदल्या रात्रीचं पाच मिनिटं मागे जाऊन बघतात. रुमाल टीव्हीवर गेलाय.